टोपीला किती टाके घालायचे? आधी एक तुकडा विणा

दिवाळी झाली की आमच्या दुकानात लोकरीला गर्दी सुरू होते, त्यात निफाडचा पारा पेपरात यायला लागला की विचारूच नका, आणि येणाऱ्या बऱ्याच ताई-काकू मोबाईलमधला एखादा फोटो दाखवून विचारतात, अशी टोपी करायचीये, किती टाके घालू? खरं सांगायचं तर हे आम्ही नुसतं फोटो बघून सांगूच शकत नाही, कारण ते तुमच्या हातावर आहे. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. तीच लोकर, तीच सुई, तरी एकीचे 10 सेंमीत 20 टाके बसतात आणि दुसरीचे 24, मग 100 टाक्यांची टोपी पहिलीची होते 50 सेंमी आणि दुसरीची जेमतेम 42, म्हणजे एक मोठ्या माणसाची आणि एक लहान मुलाची.

मी वडिलांसाठी पहिली कानटोपी केली ती छापील पॅटर्न बघून, थेट टाके घालून. माझा हात घट्ट आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं. टोपी कपाळावरच अडली, सगळी उसवली, तेव्हापासून तुकडा विणल्याशिवाय मी काहीही सुरू करत नाही.

तुकड्यासाठी 30 टाके घाला, एक ओळ सुलट एक ओळ उलट असं 12 सेंमी विणा, मग धुवा, सपाट वाळवा आणि कडा सोडून मधल्या 10 सेंमीत आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती ते मोजून वहीत लिहा. धुवायचा कंटाळा करू नका, काही लोकर धुतल्यावर चांगलीच सैल पडते. सुईचा नंबर बघतानाही सांभाळा, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, 8 नंबर म्हणजे 4 मिमी आणि 10 नंबर म्हणजे सव्वातीन, पण अमेरिकन पॅटर्नमधला 8 नंबर म्हणजे 5 मिमीची जाड सुई. म्हणून मिमीच बघायचं.

आता हिशोब. समजा तुमचे 10 सेंमीत 22 टाके आणि 30 ओळी आल्या. डोकं 56 सेंमी. टोपी ताणून बसायला हवी म्हणून 6 सेंमी कमी धरा, 50 गुणिले 2.2, झाले 110 टाके. 2 सुलट 2 उलट अशी 5 सेंमी बॉर्डर, शेवट 2 सुलटवर येतो, त्यामुळे शिवण घातली की जोड दिसतही नाही. मग साधी वीण, म्हणजे तुकड्यासारखी एक ओळ सुलट एक ओळ उलट, एकूण उंची 15 सेंमी होईपर्यंत. पुढे दर सुलट ओळीला दोन्ही कडांचा एकेक टाका नुसता सुलट विणून मधल्या टाक्यांत 10 सुलट 2 एकत्र (दोन टाके मिळून एक), असं 9 वेळा, पुढच्या सुलट ओळीला 9 सुलट 2 एकत्र, असं उतरत जायचं. शेवटी 11 टाके उरतात, त्यातून दोरा ओवून आवळा आणि शिवा. झाला तुमचा स्वतःचा पॅटर्न, कुणाचा फोटो नको.

आणि खरी मजा इथून पुढे आहे. कडेचे 2 धरले नाहीत तर 108 टाके राहतात, म्हणजे 12 टाक्यांचं चित्र बरोबर 9 वेळा बसतं. वारली बाई घ्या, वर एक त्रिकोण, खाली एक त्रिकोण, टोकाला टोक. तिला 9 टाके, मध्ये 3 मोकळे. गेरूच्या रंगाच्या टोपीवर पांढऱ्या 9 बायका, डोक्याभोवती तारप्याचा, म्हणजे वारली नाचाचा, फेर! शिवल्यावर पहिली आणि शेवटची शेजारी येतात आणि फेर पूर्ण होतो, ते बघून मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

फक्त चित्र चौकोनी ग्राफपेपरवर काढू नका. टाका रुंद असतो आणि उंचीला कमी, त्यामुळे कागदावरची उंच बाई लोकरीत बुटकी होते. 4 मिमी रुंद आणि 3 मिमी उंच चौकटी आखून त्यावर काढा, अशा कागदाच्या झेरॉक्स काउंटरवर ठेवल्यात, हव्या तेवढ्या न्या. ठिपक्यांच्या रांगोळ्या येणाऱ्यांना हे लगेच जमतं. मागून जाणारा दुसऱ्या रंगाचा दोरा ओढू नका, नाहीतर टोपी चुण्या पडून आवळते, आणि 4-5 टाक्यांपेक्षा लांब जात असेल तर मध्ये एकदा अडकवून घ्या. हातमोज्यात तर नक्कीच, बोटं अडकतात त्यात.

मफलर साध्या विणीत करू नका, कडा गुंडाळतात. सगळ्या ओळी सुलट करा नाहीतर बॉर्डरचीच वीण चालू ठेवा.

लोकर म्हणून बाजारात मिळते ती बरीचशी ॲक्रिलिक असते. बाळाला, रोजच्या वापराला छान, टोचत नाही, पण तिला गरम इस्त्री लावलीत की लोळागोळा होते. नातवंडं बर्फात राहत असतील तर खरी लोकर घ्या, ओलसर झाली तरी ऊब धरते, मात्र गरम पाण्यात चोळून धुतलीत तर आटेल.

मोठ्या टोपीला साधारण 100 ग्रॅम लागते, मफलरला 200. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे का बघा, नंतर आणलेला त्याच रंगाचा गुंडा उन्हात धरला की वेगळा दिसतो. न उघडलेला गुंडा लेबलसकट आणलात तर आम्ही परत घेतो. आणि येताना तुमचा तुकडा घेऊन या, टाके आपण सोबत मोजू.