सौर पंपाचा अर्ज: विहीर शेतात असून भागत नाही, ती सातबाऱ्यावर लागते

अर्ज भरायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो, "नाना, विहिरीची नोंद आहे का?" आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "इहीर शे ना भाऊ, चाल, दखाडस." विहीर दाखवायची हौस सगळ्यांना, आणि ती खोटीही नसते. पण पोर्टलला विहीर दिसत नाही, त्याला फक्त सातबारा दिसतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत माझ्या डोळ्यांदेखत त्रुटीत गेलेले अर्ज या एका नोंदीपायी जास्त गेले. बाकी कागद जमवायला दोन दिवस लागतात, ही नोंद कधी कधी एक हंगाम खाते.

आधी योजना थोडक्यात. राबवते महावितरण, मागे केंद्राची पीएम-कुसुम योजना आहे. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. उरलेले पैसे केंद्र आणि राज्य मिळून देतात, आणि राज्याच्या वाट्यात उद्योग-व्यापाराच्या बिलावरच्या वीज विक्री कराचा पैसा येतो. म्हणजे पंप फुकट कुणालाच नाही, तो कुणाच्या तरी बिलातून येतो. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर ३ एचपी, अडीच ते पाच एकरांना ५ एचपी, त्यावर साडेसात एचपी. मोठा बसत असला तरी लहान मागता येतो. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यातच.

पात्रतेत मुख्य अटी दोन: पाण्याचा खात्रीचा स्रोत हवा आणि त्या जागी शेतीपंपाची वीजजोडणी आधीची नको. विहीर, बोअर, शेततळं, बारमाही नदी-नाला यातलं काहीही चालतं. जलसंधारणासाठी बांधलेल्या जलाशयातून उपसा चालत नाही. तापीच्या किंवा गिरणेच्या काठावर असाल आणि पाणी नदीचंच असेल, तर पाटबंधारे खात्याच्या परवानगीचं आधी बघा. अटल किंवा मुख्यमंत्री सौर पंप योजनेतून आधी पंप घेतला असेल तर परत मिळत नाही. एका आप्पांनी तो पंप घेऊन मेहुण्याच्या शेतात नेऊन ठेवला होता आणि "माझ्याकडे तर नाही" म्हणून नवा अर्ज केला. नाव यादीत होतंच.

आता ती नोंद. सातबाऱ्याच्या बारा नंबरच्या भागात 'जलसिंचनाचे साधन' असा रकाना असतो. तो पीकपाहणीतून, म्हणजे शेतात काय लावलंय याच्या हंगामी नोंदीतून भरला जातो. ऑगस्ट २०२१ पासून ही पीकपाहणी आपणच मोबाईलवर करतो, आणि घोटाळा तिथेच होतो. कापसाची नोंद करताना अ‍ॅप विचारतं, जलसिंचित की अजलसिंचित. पोरगा बांधावर उभा राहून, रेंज जायच्या आत उरकायचं म्हणून 'अजलसिंचित' दाबतो. वडिलांना वाटतं, पीकपाहणी झाली, सुटलो. मग विहिरीवर वर्षानुवर्षं केळी पिकवणाऱ्या माणसाचा सातबारा म्हणतो की इथे पाणीच नाही. सौर पंप नाकारणाऱ्या बाबूला तरी काय दोष द्यायचा? (देतो मी, पण वेगळ्या कारणासाठी.)

पीकपाहणीला हंगामाची मुदत असते. ती गेली की आपल्या हातात काही उरत नाही, पुढच्या हंगामाची वाट बघायची किंवा तलाठी आप्पांकडे जायचं. आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या, तोंडी सांगू नका, आणि पोच घ्या. पंचनाम्यासाठी शेतात येतील त्या दिवशी घरचं कुणीतरी तिथे हजर ठेवा. नोंद लागली की महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि तो स्वतः वाचा. सगळं झाल्यावर जुना, नोंद नसलेला उतारा अपलोड करून परत आलेले अर्जही मी पाहिलेत.

दुसरी अडचण भाऊबंदकीची. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचा ना-हरकत दाखला मुद्रांकावर लागतो. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडे एक बहीण सुरतेला, एक भाऊ पुण्याला, आणि तिसरा गावातच पण बोलत नाही. बहिणीची सही दिवाळीला घेऊ म्हणणाऱ्यांनो, दिवाळीला ती येते तेव्हा स्टॅम्प मिळत नाही. ती राखीला येईल तेव्हाच कागद तयार ठेवा. अर्ज टाकण्याआधी मसुद्याचा नमुना पोर्टलवरून काढा, वकिलाकडच्या मोघम मजकुरावर विसंबू नका. गट क्रमांक, विहिरीचा उल्लेख आणि सगळ्या हिस्सेदारांची नावं सातबाऱ्याबरहुकूम हवीत. वाटणीला सगळे तयार असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली ती तहसीलदारांकडून करून घ्या. वेळ जातो, पण नंतर प्रत्येक योजनेत तेच रडगाणं होत नाही. आणि खातेदार वारला असेल तर आधी वारस लावा. मयताच्या नावावर कुणी पंप देत नाही.

तिसरी, नावं. जुन्या सातबाऱ्यावर 'दगा उखा' एवढंच लिहिलेलं, आधारवर मात्र आडनावासकट तीन शब्द. पासबुकात आणखी वेगळं स्पेलिंग. एकाच माणसाची तीन माणसं होतात. आधार बदलायचं की सातबारा, याचा निर्णय आधी घ्या. मी सांगेन की सातबारा दुरुस्त करा, कारण उद्या पीकविम्यालाही तोच लागणार.

बाकी कागद एका दमात: आधार, पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. ज्यांनी साध्या वीजजोडणीचे पैसे भरले आणि वर्षानुवर्षं वाट पाहतायत, त्यांनी ती पावती आणि अर्ज क्रमांक जवळ ठेवावा.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्यांसाठी वेगळं सांगतो. केळीच्या पट्ट्यात पाणी खोल गेलंय, आणि अतिउपशाच्या भागातल्या स्रोताला भूजल विभागाचा ना-हरकत दाखला लागतो. आपलं गाव त्यात बसतं का, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात विचारा, चावडीवर नाही. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल बोअर 'खोल विहीर' धरली जाते, त्यामुळे खोली विचारली की फुशारकीने आकडा फुगवू नका आणि भीतीने कमीही करू नका. स्थळपाहणीत ती मोजली जाते.

माझा खरा राग इथे आहे. पंपाची ताकद एकरांवर ठरते, पाणी मात्र खोलीवरून उचलायचं असतं. दोन एकरवाल्याची बोअर तीनशे फुटांवर असली तरी त्याच्या वाट्याला ३ एचपी. साधारण ३ किलोवॅटची पॅनेलं ढगाळ दिवशी तेवढ्या खोलीतून किती ओढणार? विचारलं तर "निकष आहे" एवढंच उत्तर. म्हणून पुरवठादार निवडताना आणि स्थळपाहणीत किती मीटर उंचीसाठीचा पंप देणार, हे लिहून घ्या. मोटारीचा एचपी एकच असला तरी ३० मीटरचा पंप आणि १०० मीटरचा पंप यांत फरक असतो.

लोक विचारतात, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत बिल माफ आहे, मग स्वतःचे पैसे का घालायचे? ज्याला जोडणी आहे त्याने घालूच नये, त्याला मिळणारही नाही. ज्याला नाही, त्याच्यासाठी खांब आणि डीपी कधी येईल याची वाट बघणं हाच पर्याय असतो. शिवाय वीज रात्रीची आली तर यावल-चोपड्याकडे बिबट्याच्या भीतीने पाणी भरायला कोण जातं? सौर पंपाने पाणी दिवसा येतं, हा फायदा पैशात मोजण्यापलीकडचा आहे. एक मात्र बघा. उन्हाला मीटर नाही. पंप चालू ठेवायला काहीच खर्च नसल्याने तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी आपल्याकडे ओढलं जातं. ठिबक असेल तर ठीक, नाहीतर पाच वर्षांत पंप राहील आणि पाणी पळेल.

नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडच्या वनपट्टाधारकांनी थेट ऑनलाइन अर्जात घुसू नये. वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावावर असतो, अर्जाचा रकाना मात्र सातबारा मागतो. महावितरणच्या कार्यालयात विचारून, उत्तर लेखी घेऊन मगच पुढे जा.

अर्ज मंजूर झाला की पैसे भरायचा संदेश येतो. इथेच फसवणूक होते. लिंकवर क्लिक न करता पोर्टलवर स्वतःचा अर्ज क्रमांक टाकून रक्कम बघा. शंका आली तर १८००-२३३-३४३५ किंवा १९१२ वर विचारा. शेजाऱ्याने किती भरले त्यावर रक्कम ठरवू नका. किंमत बदलते, सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे जुन्या पावत्यांचा आकडा लागू पडत नाही. कुणी एजंट "वरून लवकर करून देतो" म्हणून रोख मागत असेल तर सरळ दाराबाहेर काढा.

पैसे भरल्यावर पुरवठादार निवडायचा, मग संयुक्त स्थळपाहणी, मग बसवणी. जागा अशी दाखवा की दुपारी निंबाची सावली पॅनेलवर पडणार नाही. आणि काम संपल्याच्या कागदावर सही करायची घाई करू नका. पाइपातून पाणी पडलं, हातावर घेऊन बघितलं, पुरवठादाराचा दुरुस्तीचा नंबर स्वतः फोन लावून तपासला, विम्याचा कागद घेतला, मग सही. "साहेब बाहेर थांबलेत, पटकन करा" म्हटलं तरी थांबू द्या त्यांना.