खाल्लेलं कोलॅजन गुडघ्यात का पोचत नाही?

औषधांच्या दुकानात हल्ली कोलॅजन पावडरचे डबे अगदी समोर मांडलेले असतात. कोलॅजन हे शरीरातलं एक प्रथिन. गुडघ्यात ते असतं, म्हणून कोलॅजन खाल्लं की गुडघ्याची झीज भरून निघेल, असा सरळ हिशेब त्यामागे आहे. हा हिशेब चुकीचा आहे.

रक्त, चरबी, हाड, कास्थी (सांध्यातली कूर्चा), स्नायुरज्जू (स्नायू हाडाला बांधणारा), अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा) या सगळ्या संयोजी ऊती, म्हणजे शरीराला जोडणाऱ्या आणि आधार देणाऱ्या. चरबी सोडली तर त्यांत पेशी विखुरलेल्या असतात आणि पेशींच्या भोवतीचं आधारक द्रव्य जास्त. रक्तात ते पातळ, हाडात कॅल्शियम फॉस्फेटमुळे कडक, तर स्नायुरज्जूत मुख्यतः कोलॅजनचे दोर.

हा दोर तिपेडी असतो. प्रत्येक पेडात सुमारे 1000 अमिनो आम्लं (प्रथिनाचे मणी), आणि दर तिसरं ग्लायसीन. तीन पेड एकमेकांवर वळले की मध्ये इतकी अरुंद जागा उरते, की सर्वांत लहान ग्लायसीनच तिथे मावतं. एकाच ठिकाणी दुसरं आम्ल आलं तरी पीळ बिघडतो. ठिसूळ हाडांच्या आनुवंशिक आजारात अनेकदा हेच झालेलं असतं. ही तिपेडी रचना 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली. त्यासाठी कांगारूच्या शेपटीतला स्नायुरज्जू तिथल्याच चर्म संशोधन संस्थेत मिळाला!

पण पीळ पडून भागत नाही, टिकायला हवा. त्यासाठी पेशीतलं एक विकर (एन्झाइम) पेडातल्या ठरावीक प्रोलीनवर, म्हणजे आणखी एका अमिनो आम्लावर, ऑक्सिजन चढवून त्याचं हायड्रॉक्सिप्रोलीन करतं. विकराच्या गाभ्यात लोह असतं. काम करताना ते मधूनच ऑक्सिडीकरण होऊन अडतं, आणि क जीवनसत्त्व त्याला पूर्वपदावर आणतं. क नसेल तर ऑक्सिजन चढत नाही, आणि असा कच्चा पीळ 24 अंश सेल्सिअसच्या आसपासच उसवतो. शरीर तर 37 अंशांवर! म्हणून स्कर्व्हीत, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या आजारात, हिरड्यांतून रक्त येतं, जुने भरलेले व्रणसुद्धा पुन्हा उकलतात. 1747 मध्ये जेम्स लिंडने स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले.

आता पावडर. पोटात कोलॅजनची अमिनो आम्लं सुटी होतात. दोन-तीन आम्लांचे काही तुकडे तसेच रक्तात उतरतात, हे खरं. पण कोणतं आम्ल कुठे गुंफायचं हे सांगणाऱ्या आपल्या जनुकीय लिपीत हायड्रॉक्सिप्रोलीनसाठी संकेतच नाही. बाहेरून आलेलं हायड्रॉक्सिप्रोलीन पेशी पेडात गुंफूच शकत नाही. तिला साधं प्रोलीन घेऊन, पेड विणून, मग त्यावर ऑक्सिजन चढवावा लागतो. प्रोलीन आणि ग्लायसीन शरीर स्वतः बनवतं, डाळ-दूध-अंड्यांतूनही मिळतं. क मात्र माणसाला बनवता येत नाही. प्रौढाला दिवसाला साधारण 80 मिलिग्रॅम पुरतं, आणि 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पेरू कच्चाच खावा, कारण शिजवल्यावर क बरंचसं नष्ट होतं. लिंबूसुद्धा वरण उकळताना न घालता ताटात पिळावं.