एक्सएमएलमधील एलिमेंट आणि ॲट्रिब्यूट : प्रोग्रॅममधून हाताळणी

एक्सएमएल (टॅगच्या खुणांनी माहिती मांडण्याची भाषा) दस्तऐवज वाचणे, त्यातले हवे ते शोधणे, बदलणे आणि पुन्हा फाइलमध्ये लिहिणे ही कामे प्रोग्रॅमकडून करून घेताना मुख्यतः एलिमेंट (उघडत्या-मिटत्या टॅगसह त्यांच्यामधला भाग) आणि ॲट्रिब्यूट (उघडत्या टॅगमधली नाव="किंमत" अशी जोडी) यांच्याशी गाठ पडते. एक्सएमएल १.० ही शिफारस डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. तिचे मूळ एसजीएमएल या जुन्या खुणा-भाषेच्या १९८६ च्या मानकात आहे. दस्तऐवज प्रोग्रॅमला झाडाच्या रूपात दाखवणारे डॉम हे मानक त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आले. फाइल म्हणजे अक्षरांची सलग रांग, पण पार्सर (फाइलमधले टॅग आणि मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम) ती वाचून मेमरीत झाड उभे करतो. या कामात होणाऱ्या बहुतेक चुका फाइलमध्ये डोळ्यांना दिसते तेच झाडात असेल, असे गृहीत धरल्याने होतात.

<यादी>
  <भाग क्रमांक="१०७" एकक="नग">
    <नाव>झाकण</नाव>
    <साठा>२४</साठा>
    <सूचना>आधी <ठळक>वीज बंद</ठळक> करा, मग झाकण उघडा.</सूचना>
  </भाग>
</यादी>

टॅगची नावे देवनागरीत असली तरी हा दस्तऐवज पूर्णपणे सुघटित, म्हणजे एक्सएमएलच्या लेखननियमांत बसणारा, आहे. एक्सएमएलमध्ये नावांना रोमन लिपीची अट नाही. ‘भाग’ला तीन एलिमेंट-मुले आहेत, पण डॉममध्ये त्याचे चाइल्ड नोड (झाडात त्याच्या थेट खाली असलेले घटक) मोजले तर सात भरतात. प्रत्येक एलिमेंटच्या आधीची ओळ आणि मोकळी जागा, तसेच शेवटच्या एलिमेंटनंतरची, हे चार टेक्स्ट नोड आहेत. म्हणून ‘पहिले मूल’ मागितले की ‘नाव’ हाती न येता रिकामी जागा येते. नोडचा प्रकार तपासावा (एलिमेंटचा क्रमांक १, ॲट्रिब्यूटचा २, टेक्स्टचा ३, कॉमेंटचा ८) किंवा फक्त एलिमेंट देणारी पद्धत वापरावी.

‘सूचना’मध्ये मजकूर आणि एलिमेंट मिसळलेले आहेत. डॉममध्ये तिला सरळ तीन मुले दिसतात: टेक्स्ट, ‘ठळक’, टेक्स्ट. पायथनच्या एलिमेंटट्री लायब्ररीची मांडणी वेगळी आहे. तिथे ‘आधी’ हा ‘सूचना’चा टेक्स्ट असतो, तर ‘करा, मग झाकण उघडा.’ हा मजकूर ‘ठळक’ची शेपटी, म्हणजे टेल, म्हणून त्यालाच चिकटलेला असतो. ‘ठळक’ नको म्हणून रिमूव्ह केले की शेपटीही जाते आणि सूचनेत फक्त ‘आधी’ उरते. एरर येत नाही, इशाराही मिळत नाही. काढण्यापूर्वी टेल उचलून आधीच्या भावंडाच्या टेलला जोडायची. आधी भावंड नसेल, तर ती पालकाच्या टेक्स्टला जोडायची.

ॲट्रिब्यूटचे नियम

एका एलिमेंटवर एका नावाचे एकच ॲट्रिब्यूट चालते. दुसरे आले की दस्तऐवज सुघटित राहत नाही आणि पार्सर तिथेच थांबतो. ॲट्रिब्यूटच्या क्रमाला अर्थ नसतो, त्यामुळे ‘पहिले ॲट्रिब्यूट’ मागणारा कोड मुळातच चुकीचा. किमतीत ओळ तोडली किंवा टॅब दिला, तर पार्सर त्याची साधी स्पेस करतो. नवी ओळ टिकवायचीच असेल तर &#10; असे लिहावे लागते (इथले आकडे मात्र देवनागरीत चालत नाहीत). त्यामुळे अनेक ओळींचा मजकूर आणि ज्याला पुढे पोटभाग फुटू शकतात अशी माहिती एलिमेंटमध्ये ठेवणे शहाणपणाचे. क्रमांक, एकक, भाषा असे आटोपशीर तपशील ॲट्रिब्यूटमध्ये शोभतात.

ॲट्रिब्यूट नसणे आणि रिकामे असणे यांत फरक आहे. जुन्या डॉम मानकांनुसार दोन्ही वेळा रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) मिळते. आजचे ब्राउझर नसलेल्या ॲट्रिब्यूटसाठी नल देतात, एलिमेंटट्री नन देते (दोन्हींचा अर्थ ‘काही नाही’). खात्री हवी तर ‘आहे का?’ असे विचारणारी पद्धत डॉमच्या दुसऱ्या पातळीपासून, म्हणजे २००० पासून, आहे.

किंमत नेहमी स्ट्रिंगच असते. स्ट्रिंग म्हणून लावल्यास ‘९’ हा ‘१०’च्या नंतर येतो, म्हणून आधी आकड्यात रूपांतर हवे. देवनागरी आकडे असतील तर आणखी एक गंमत होते. पायथनचे इंट ‘१०७’ बिनतक्रार स्वीकारते, पण जावास्क्रिप्टचे पार्सइंट ‘आकडा नाही’ असे उत्तर देते, आणि एक्सपाथ या शोधभाषेचे नंबरही तेच. ज्या फाइली अनेक प्रोग्रॅम वाचणार आहेत, त्यांत आकडे इंग्रजी (0 ते 9) ठेवावेत.

नावांची तुलना कोडपॉइंटनुसार, म्हणजे प्रत्येक वर्णाच्या युनिकोड क्रमांकानुसार, होते. पार्सर डोळ्यांनी बघत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द ऱ या स्वतंत्र वर्णाने टंकता येतो, तसाच र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह यांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण पार्सरच्या लेखी ती दोन वेगळी नावे. टॅग उघडणारा एका कीबोर्डवरून आणि बंद करणारा दुसऱ्यावरून आला, तर ‘टॅग जुळत नाही’ ही एरर तासभर छळू शकते. असली नावे कोडमध्ये एकदाच स्थिरांक म्हणून लिहून ठेवावीत.

शोधणे आणि काढणे

शोधासाठी एक्सपाथ (पहिली आवृत्ती १९९९) सोयीचे. ‘भाग[@एकक="नग"]/साठा’ असे लिहिले की नगांत मोजल्या जाणाऱ्या भागांचे साठे मिळतात. सर्वांत जास्त वेळ खाणारा खड्डा नेमस्पेसचा (यूआरआय या पत्त्यासारख्या ओळखीने वेगळा केलेला नावांचा गट) आहे. रूटवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या एलिमेंटवर, डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेला असेल, तर वरचीच ओळ शून्य निकाल देते, कारण एक्सपाथ १.० मध्ये उपसर्ग नसलेले नाव म्हणजे नेमस्पेस नसलेले नाव. त्या नेमस्पेसच्या यूआरआयला स्वतःचा एखादा उपसर्ग बांधून तो शोधात वापरायचा. तो दस्तऐवजातल्या उपसर्गाशी जुळायची गरज नाही, यूआरआय मात्र अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. शेवटच्या तिरक्या रेघेनेही फरक पडतो. डिफॉल्ट नेमस्पेस ॲट्रिब्यूटना लागू होत नाही, म्हणून ‘@एकक’ला उपसर्ग लावायचा नाही.

डॉममध्ये टॅगच्या नावाने मागवलेली यादी जिवंत असते, झाड बदलले की तीही बदलते. चार ‘भाग’ पुढून काढत गेलात, तर पहिला काढताच दुसरा त्याच्या जागी सरकतो आणि लूप त्याला ओलांडून तिसऱ्यावर जातो. चारपैकी दोन शिल्लक राहतात. शेवटाकडून मागे यावे किंवा यादीची आधी प्रत करून घ्यावी. एलिमेंटट्रीत थेट मुलांवर फिरत रिमूव्ह केले तरी हेच घडते, पण फाइंडऑल वेगळी यादी देते, म्हणून तिच्यावर फिरत मुले काढायला हरकत नाही.

झाड मेमरीत फाइलच्या कितीतरी पट जागा घेते. मोठ्या फाइलींसाठी सॅक्ससारखी प्रवाही पद्धत वापरतात. टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला, अशा घटना एकामागून एक येतात. उघडण्याच्या घटनेत ॲट्रिब्यूट मिळतात, मजकूर नाही. शिवाय एकच मजकूर दोन-तीन तुकड्यांत येऊ शकतो. म्हणून तो साठवत जाऊन टॅग मिटल्यावरच वापरायचा. ‘२४’चा ‘२’ आणि ‘४’ असा कधीतरीच तुकडा पडतो, त्यामुळे चाचणीत ही चूक सापडत नाही आणि खऱ्या फाइलीवर बाहेर येते.

बाहेरून आलेली फाइल उघडताना एंटिटी (दुसऱ्या मजकुराच्या जागी लिहिलेली टोपणनावे, जी पार्सर उलगडतो) बंद ठेवाव्यात. तीन बाइटच्या शब्दापासून सुरुवात करून प्रत्येक पायरीला दहापट अशा नऊ पायऱ्या रचल्या, तर एक केबीपेक्षा लहान फाइल मेमरीत सुमारे ३ जीबी होते. बाह्य एंटिटीमार्फत सर्व्हरवरच्या इतर फाइलीही वाचून घेता येतात.

लिहिणे

स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवू नये. किमतीतले कोनकंस आणि अँपरसँड लायब्ररी स्वतः एस्केप करते, म्हणजे सुरक्षित संकेतांत बदलते. आपणही केले तर ते दोनदा होते आणि वाचणाऱ्याला कचरा दिसतो. एलिमेंटट्रीचे डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूएस-आस्की आहे, ज्यात देवनागरी नाही. ते बदलले नाही तर ‘म’ची &#2350; होते. फाइल वैध राहते, पण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे अक्षर सात बाइटचे होते आणि माणसाला वाचता येत नाही. लिहिताना यूटीएफ-८ स्पष्ट सांगावे. हीच लायब्ररी वाचताना कॉमेंट गाळते, हेही ध्यानात ठेवावे.

वाचून जसेच्या तसे लिहिले तरी अवतरणचिन्हांचा प्रकार, ॲट्रिब्यूटमधल्या मोकळ्या जागा आणि रिकाम्या एलिमेंटची ढब बदलू शकते. दोन फाइलींची तुलना करायची असेल किंवा डिजिटल सही पडताळायची असेल, तर आधी दोन्ही बाजू कॅनॉनिकल रूपात आणाव्या लागतात. त्या रूपात ॲट्रिब्यूट ठरलेल्या क्रमाने येतात आणि रिकामे एलिमेंट उघडत्या-मिटत्या टॅगच्या जोडीने लिहिले जाते.