जास्त टक्केवारी म्हणजे उत्तम प्रत्यारोपण केंद्र नव्हे

ज्या केंद्रातले सर्वाधिक टक्के रुग्ण अवयव प्रत्यारोपणानंतर वर्षभराने जिवंत असतात तेच सर्वोत्तम, हा जुना समज चुकीचा आहे. अमेरिकेत दर सहा महिन्यांनी निघणाऱ्या केंद्रनिहाय अहवालांत रुग्णाचे वय, मधुमेहासारखे आजार आणि दात्याच्या अवयवाची स्थिती लक्षात घेऊन अपेक्षित मृत्यूंचा अंदाज बांधला जातो व प्रत्यक्ष मृत्यू त्याच्याशी ताडले जातात. दोन केंद्रांत सारख्याच संख्येने शस्त्रक्रिया झाल्या, तर दहा मृत्यू अपेक्षित असताना आठ झालेले केंद्र, तीन अपेक्षित असताना पाच झालेल्या केंद्रापेक्षा सरस ठरू शकते (आकडे केवळ उदाहरणादाखल, इतक्या लहान संख्यांत योगायोगाचाही वाटा असतो). टक्केवारीच्या धाकाने गुंतागुंतीचे रुग्ण नाकारले गेले, तर ते प्रतीक्षायादीतच दगावतात आणि यश मात्र कागदावर वाढते. म्हणूनच तिथल्या केंद्रांच्या मूल्यमापनाच्या, २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बदललेल्या निकषांत प्रत्यारोपणापूर्वीचे मृत्यू आणि देऊ केलेले अवयव स्वीकारण्याचे प्रमाणही तपासले जाते.