संदर्भ द्यायचा तो कुणासाठी?

पीएच.डी.चा प्रबंध सादर करायची वेळ आली की विद्यापीठाच्या आवारात आज एकच प्रश्न ऐकू येतो : ‘किती टक्के आलं?’ प्रबंध सॉफ्टवेअरमधून जातो, इतरांच्या लेखनाशी त्याचे साम्य किती ते टक्क्यांत छापून येते आणि आकडा दहाच्या आत असला की विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघेही निर्धास्त होतात. हा दहाचा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या नियमावलीतून आला. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहा ते चाळीसच्या दरम्यान साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द.

दुसऱ्याचे काम आपल्या लेखनात कसे वापरावे, हा प्रश्न मात्र २०१८ मध्ये जन्मलेला नाही. महाराष्ट्रात त्यावर फार आधीपासून आणि फार कष्टाने विचार झालेला आहे. तो विसरला गेल्यामुळेच आज सगळी चर्चा टक्क्यांवर येऊन थांबते, असे मला वाटते.

संस्कृत काव्यशास्त्रात राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांवर अध्यायच्या अध्याय लिहिले. कुणाचे शब्द उचलले, कुणाची कल्पना उचलली, उचलून तिचे काय केले, याचे बारीक भेद त्याने केले आहेत. टीकाकार मल्लिनाथाने तर ‘नामूलं लिख्यते किंचित्’ अशी प्रतिज्ञाच केली : मुळात आधार नाही असे काही लिहायचे नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव सांगतात की आपण व्यासांचा मागोवा घेत, ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ आलो आहोत. ही विनम्रता तर आहेच. शिवाय आपण कुणाच्या वाटेने चाललो, हे ते वाचकाला उघडपणे सांगत आहेत.

त्याच ग्रंथाच्या बाबतीत पुढे उलट दिशेचा प्रश्न उभा राहिला. नकला होता होता ज्ञानेश्वरीत भलत्यांच्या ओव्या घुसल्या, पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी पैठणला प्रती शोधून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावले की यापुढे जो ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालील, ‘तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली’, म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. दुसऱ्याचे आपल्या नावावर खपवणे ही एक लबाडी. आपले दुसऱ्याच्या नावावर खपवणे ही दुसरी, आणि ती कमी वाईट नाही. न वाचलेल्या पुस्तकाचा संदर्भ देणारा किंवा अस्तित्वातच नसलेला लेख तळटीपेत टाकणारा आजचा अभ्यासक हीच दुसरी लबाडी करतो. चॅटजीपीटीसारख्या साधनांनी असे खोटे संदर्भ क्षणात तयार होऊ लागल्यापासून हा धोका फार वाढला आहे आणि साम्याच्या टक्केवारीत तो मुळी दिसतच नाही.

आधुनिक अर्थाने संदर्भाची शिस्त आपल्याकडे रुजली ती इतिहासलेखनातून. बखरकार आपण कुठे ऐकले, कोणत्या कागदात पाहिले, हे सहसा सांगत नाहीत. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला तो तळटीपांसह. पुढे १८६८ च्या सुमारास तरुण नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्या इतिहासावर सविस्तर टीका केली. आधार कुठले ते डफने नोंदवले होते, म्हणूनच त्याची माहिती कुठे अपुरी पडली आणि कुठे चुकली, याचा वाद कागदपत्रांच्या पातळीवर घालता आला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढली, त्याचे बावीस खंड झाले. त्यांनी मूळ पत्रेच्या पत्रे छापली. माझे म्हणणे पटत नसेल तर हा घ्या कागद, तुम्हीच वाचा, असा तो व्यवहार होता. राजवाड्यांची अनेक मते पुढच्यांनी खोडून काढली, पण बऱ्याचदा त्यांनीच छापलेल्या कागदांच्या आधारे. अभ्यासकाला याहून मोठा मान कोणता मिळायचा?

या शिस्तीचा कळस पाहायचा तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडावी. पुण्यात १९१९ मध्ये हे काम सुरू झाले, १९२५ मध्ये वि. सी. सुखटणकर यांनी सूत्रे हाती घेतली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. कोणतेही पान घ्या. वर संपादकांनी निश्चित केलेला श्लोक असतो. खाली बारीक टाइपात पाठभेद असतात आणि कोणता शब्द कोणत्या प्रतीत आहे हे खुणेच्या अक्षराने नोंदलेले असते : बंगाली प्रतींची खूण वेगळी, तेलुगूंची वेगळी, मल्याळमची वेगळी. जिथे संपादकांची स्वतःचीच खात्री पुरती नाही, तिथे श्लोकातल्या शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. नंतर शिरलेल्या ओळी फेकून दिलेल्या नाहीत, त्या तारांकित करून खाली ठेवल्या आहेत आणि लांब मजकूर परिशिष्टात नेला आहे. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही घराघरांत माहीत असलेली गोष्ट मूळ संहितेत न घेता त्यांनी परिशिष्टात ठेवली, तीही पुण्यात बसून! ‘हे माझे मत, हा पुरावा, आणि ही माझी शंका’ या तिन्हींना पानावर वेगवेगळी जागा देणारे याहून नेटके उदाहरण मला माहीत नाही.

अशी परंपरा असलेल्या देशात उचलेगिरीचा बोभाटा झाला तो २००२ मध्ये. कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंच्या नावावरचा एक शोधनिबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलॉश यांच्या निबंधावरून उतरवल्याचे उघड झाले. स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले, चौकशी झाली आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले.

मला त्याहून बोलके वाटते ते आपल्याला जवळचे असलेले प्रकरण. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने पेटंट कायद्याविषयीचा अहवाल डिसेंबर २००६ मध्ये दिला. त्यातला कळीचा मजकूर कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांच्या अभ्यासातून जवळजवळ शब्दशः, संदर्भ न देता आल्याचे वृत्तपत्रांनी दाखवून दिले. माशेलकरांनी फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल मागे घेतला आणि २००९ मध्ये सुधारून पुन्हा सादर केला. बशीर यांच्या त्या अभ्यासाला बड्या औषध कंपन्यांच्या ‘इंटरपॅट’ या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. औषधांच्या किमतींशी जोडलेल्या प्रश्नावर सरकारी अहवाल वाचणाऱ्याला हा विचार मुळात कुठून आला हे कळायला हवे होते. नाव गाळले की मूळ लेखकाचे श्रेय जातेच, पण वाचकाचा तपासण्याचा हक्कही जातो.

विद्यापीठांत या काळात दुसरेच चक्र फिरत होते. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापणे सक्तीचे केले. शिक्षकांच्या बढतीलाही निबंधांचे गुण लागू झाले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्याच नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत मागितली, त्यातून ‘शोधगंगा’ हा देशभरातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह भरत गेला. तो भरला तेव्हा प्रबंध एकमेकांशी ताडून पाहणे शक्य झाले. २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना त्यासाठीचे सॉफ्टवेअरही मिळाले.

मराठीत मात्र हे यंत्र लंगडते. जुने कितीतरी प्रबंध नुसते स्कॅन केलेले आहेत, कितीतरी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. त्यातला मजकूर शोधात नीट सापडत नाही. कुणी इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकाची पानेच्या पाने मराठीत उतरवली तर टक्केवारी शून्याच्या आसपास राहू शकते. उलट एखाद्या विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे अवतरणचिन्हांत तुकारामांचे अभंग दिले आणि यंत्राला चिन्हे उमगली नाहीत, तर तिचा आकडा चढतो. खरे तर योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्य हे सगळे मोजणीतून वगळा, असे नियमावलीतच लिहिले आहे. तरीही घाबरलेला विद्यार्थी अवतरण काढून टाकतो, शब्द फिरवून तेच वाक्य आपले म्हणून लिहितो आणि तळटीपही गाळतो. म्हणजे आकडा उतरवण्याच्या नादात जे चूक नव्हते ते चूक होते.

नियमावलीने मार्गदर्शकाकडूनही प्रमाणपत्र मागितले आहे की हे काम उचलेगिरीपासून मुक्त आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाने संशोधन आणि प्रकाशनातील नीतीवरचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम पीएच.डी.ला सक्तीचा केला. त्या तीस तासांतला एक तरी तास सुखटणकरांच्या आदिपर्वाचे एखादे पान समोर ठेवून घ्यावा आणि मराठीच्या विद्यार्थ्याला खालचा बारीक टाइप मोठ्याने वाचायला लावावा.