मॅकिनॉ पूल

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या वरच्या व खालच्या द्वीपकल्पांना जोडणारा झुलता पूल. मिशिगन व ह्युरन ही सरोवरे जिथे मिळतात त्या मॅकिनॉ सामुद्रधुनीवर, दक्षिणेच्या मॅकिनॉ सिटीपासून उत्तरेच्या सेंट इग्नेसपर्यंत तो गेला आहे. एकूण लांबी ८,०३८ मी. अभिकल्पक (रचनेचा आराखडा करणारे अभियंता) डेव्हिड बी. स्टाइनमन. काम १९५४ मध्ये सुरू होऊन १ नोव्हेंबर १९५७ रोजी पूल वाहतुकीस खुला झाला.

एकाच राज्याचे हे दोन भाग पाण्याने तुटलेले. १९२३ पासून राज्य सरकारच्या फेरीबोटी मोटारी पलीकडे नेत. हरणांच्या शिकारीच्या हंगामात धक्क्यावर मैलोगणती रांगा लागत. पुलासाठी १९३४ मध्ये प्राधिकरण नेमले गेले. सेंट इग्नेसकडून पाण्यात भरावाचा रस्ताही तयार झाला, पण महायुद्धामुळे काम थांबले. तोच भराव पुढे पुलाच्या पोचमार्गासाठी उपयोगी पडला. पैसा अखेर कर्जरोख्यांतून उभा राहिला, फेड टोलमधून.

‘जगातील सर्वांत लांब झुलता पूल’ हे बिरुद वादग्रस्त आहे. मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधील अंतर) १,१५८ मी., म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या १९३७ मधील गोल्डन गेट पुलापेक्षा (१,२८० मी.) आखूडच. स्टाइनमन यांच्या बाजूने मोजमाप केबल जखडणाऱ्या दोन्ही टोकांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांसह धरले जाई. ते २,६२६ मी. भरते. मात्र या ठोकळ्यांलगतच्या गाळ्यांत रस्ता केबलला टांगलेला नाही. केवळ टांगलेला भाग, म्हणजे मधला व बाजूचे दोन गाळे, धरला तर २,२५६ मी. होतात, या हिशेबानेही तो गोल्डन गेटच्या पुढे होता. तथापि अभियांत्रिकीत झुलत्या पुलांची क्रमवारी सामान्यतः मधल्या गाळ्यावरून लावतात आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते. १९९८ मध्ये जपानचा आकाशी काइक्यो पूल झाल्यावर कोणत्याही मापाने हा दावा उरला नाही.

अमेरिकेतीलच टॅकोमा नॅरोजचा झुलता पूल १९४० मध्ये वाऱ्याने पिळवटून कोसळला होता. त्याची छाया या अभिकल्पावर स्पष्ट आहे. तिथल्या उथळ, भरीव तुळयांऐवजी येथे ११.६ मी. खोलीच्या उघड्या कैच्या (पोलादी दांड्यांच्या त्रिकोणी जोडणीच्या चौकटी) आहेत. कैच्यांमधील अंतर सुमारे २१ मी., रस्ता मात्र सुमारे १५ मी. रुंद, दोन्ही कडांना राहिलेल्या मोकळ्या पट्ट्यांतून वारा वरखाली जातो. आतल्या दोन मार्गिका पोलादी जाळीच्या असल्याने गाडीतून जाताना चाकांखाली घरघर ऐकू येते. अशा रचनेत धोक्याची वायुगती, म्हणजे पूल हिंदकळू लागेल असा वाऱ्याचा वेग, संभवतच नाही, असे स्टाइनमन म्हणत. हा अभिकल्पकाचा दावा म्हणूनच घ्यावा. जोराच्या वाऱ्यात मधला भाग आडवा सरकू शकतो, पण हळूहळू. तो हिंदकळत नाही.

तळाच्या भेगाळ चुनखडकाविषयीही शंका होत्या. चाचण्यांत खडक भार पेलण्यास पुरेसा ठरला, तरी पायावरचा भार बराच कमी ठेवला गेला. बर्फाच्या दाबासाठीही अशीच ऐसपैस तरतूद आहे.

बांधकामात ५ कामगार दगावले. त्यांपैकी कोणी काँक्रीटमध्ये गाडला गेल्याची वदंता निराधार आहे. सप्टेंबरमधील श्रमदिनी पूल पायी ओलांडण्याची प्रथा आहे.