नियंत्रित बाजार (शेतमाल)

शेतमालाची विक्री ठरलेल्या आवारात, परवानाधारक खरेदीदारांमध्ये उघड लिलाव करून आणि अधिकृत काट्यावर वजन करून व्हावी, अशी कायदेशीर व्यवस्था. भारतातला असा पहिला बाजार वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसासाठी सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कायदाही आला. महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा आहे.

त्याआधी हत्ता पद्धत चाले. आडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. माल ज्याचा, तो शेजारी उभा असूनही त्याला आकडा कळत नसे. आडत्याकडून उचल घेतलेली असली, की दुसऱ्याकडे जायची सोयही नसे. वजनातून कडता, म्हणजे घट धरून केलेली कपात, जाई ती वेगळीच. क्विंटलमागे किलोभर म्हटले, तरी २० क्विंटलच्या ट्रॉलीमागे २० किलो माल फुकट.

उघड बोलीने रुमाल गेला, हाव गेली नाही. ती वांध्यात, म्हणजे बोलीनंतर मालाला खोट काढून भाव कापण्यात, शिरली. कांद्याच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीच्या वरचा माल हाताने उकरून बोली लावतो. ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवायच्या जागेवर) जाते, अर्धी रिकामी होते आणि मग ‘तळाला गोल्टी (बारीक कांदा) निघाली’ म्हणून वांधा काढला जातो. क्विंटलला २०० रुपये कापले तर २० क्विंटलमागे ४,००० गेले. अर्धा माल खाली पडलेला असताना शेतकरी ट्रॉली परत भरून नेणार कुठे? वर ठसठशीत कांदा आणि तळाला गोल्टी रचणारे शेतकरीही असतात, हे खरेच. म्हणून अशी तक्रार खळ्यावर न मिटवता हा बाजार चालवणाऱ्या बाजार समितीकडे नेऊन मालाची पुन्हा पाहणी करून घेणे महत्त्वाचे.

नियमनाच्या विरोधकांचा खरा मुद्दा परवान्याचा आहे. बोली लावणारे मोजकेच असले, तर ते आपसात ठरवून भाव पाडू शकतात. म्हणजे स्पर्धेसाठी केलेला कायदाच कुंपण होतो. समितीच्या १८ संचालकांत व्यापाऱ्यांचे दोनच आणि शेतकऱ्यांचे १५. पण हे १५ गावच्या सहकारी सोसायट्या आणि ग्रामपंचायतींतून येत असल्याने तिथले राजकारणही सोबत येते.

जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला आवाराबाहेर विकायची मुभा दिली आणि आडत (आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. काढलेला कांदा साठवणीच्या चाळीत सडू लागला, की तोटा पहिल्यांदा शेतकऱ्याचा.